प्रिन्सला कुणी विचारत नाही: व्हॅम्पायर लार्पमधला स्टेटस सारखा का कोसळतो आणि त्यावर काय करायचं

आमच्या लार्पमध्ये, म्हणजे वेशभूषा करून पात्र जगायच्या खेळात, दर चार-पाच महिन्यांनी असा एक शनिवार येतोच. प्रिन्स दरबारात, म्हणजे एलिसियममध्ये, प्रवेश करतो. दरबार म्हणजे अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका चर्चचा भाड्याने घेतलेला तळघरातला हॉल, घडीच्या खुर्च्या, त्यांवर टाकलेलं काळं कापड. प्रिन्स म्हणजे भाड्याचा सूट चढवून आलेला एक डेटाबेसवाला. पण खेळात तो व्हेन्ट्रू कुळातला दोनशे वर्षांचा व्हॅम्पायर आहे, आणि हे शहर त्याचं आहे. तो आत येतो आणि कुणी मान वर करून बघतसुद्धा नाही. कोपऱ्यात बसलेला ब्रूहा कुळातला नवा खेळाडू चिप्स खात असतो. प्रिन्स त्याच्यासमोर जाऊन म्हणतो, "माझ्या एलिसियममध्ये उठून उभं राहायची पद्धत आहे." ब्रूहा चिप्सची पिशवी न सोडता म्हणतो, "नाही उठलो तर काय करशील?"

मग सगळे माझ्याकडे बघतात, कारण मी स्टोरीटेलर, म्हणजे खेळ चालवणारी.

प्रत्येक पात्राच्या माहितीची एक शीट असते. प्रिन्सच्या शीटवर सहा स्टेटस ट्रेट, म्हणजे मानाचे गुण, ब्रूहाच्या शीटवर एक. त्या सहांचं आत्ता, या क्षणी करायचं काय, हे हॉलमध्ये कुणालाच सांगता आलं नाही. मलाही नाही. मी काहीतरी थातुरमातुर बोलून वेळ मारून नेली आणि घरी येऊन रात्री दोन वाजता पुस्तकं उघडून बसले.

अकरा वर्षं मी हा खेळ खेळतेय. त्यातली चार वर्षं हार्पी, म्हणजे दरबारातल्या मानाचा हिशेब ठेवणारी, होते आणि गेली तीन वर्षं खेळ चालवतेय. हा बिघाड मी चार वेळा दुरुस्त केला आणि पाचव्यांदा तो परत आला, तेव्हा कुठे लक्षात आलं की मी दर वेळी चुकीची जागा दुरुस्त करत होते.

ज्यांना हा प्रकारच नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. 'व्हॅम्पायर: द मास्करेड' हा टेबलाभोवती फासे टाकून खेळायचा खेळ १९९१ साली आला. १९९३ साली त्याची उभ्याने, वेशभूषा करून, चालत-बोलत खेळायची आवृत्ती 'माइंड्स आय थिएटर' या नावाने निघाली. तिथे फासे गेले आणि दगड-कागद-कात्री आली. एकमेकांना हात लावायचा नाही, खरी शस्त्रं आणायची नाहीत, हे नियम पहिल्यापासून आहेत. दोन्ही हात छातीवर फुली करून उभा असलेला माणूस अदृश्य आहे असं समजायचं. (पहिल्या रात्री मी अशा एकाला 'थंडी वाजतेय का?' म्हणून विचारलं होतं.) या जगात कॅमरिला नावाची रक्तपिपासूंची जुनी, शिष्ट, प्रचंड दांभिक व्यवस्था आहे. शहराचा मालक प्रिन्स. बाई असली तरी पदाचं नाव प्रिन्सच. त्याचा कारभारी सेनेशल, कुळांचे म्होरके प्रायमोजेन, बंदोबस्ताला शेरीफ, दरबाराच्या जागेचा राखणदार कीपर. आणि कुणाची पत किती, कोण कुणाचं देणं लागतं, याचा हिशेब ठेवणारी हार्पी.

इथे मारामारी रोज होत नाही. दरबारात म्हणजे एलिसियममध्ये तर हिंसेला बंदीच असते. त्यामुळे सगळं राजकारण मानापमानावर चालतं, आणि तो मान मोजायचं माप म्हणजे स्टेटस. हे माप बिघडलं की मागे उरतात वेशभूषा करून चिप्स खाणारी पंचवीस माणसं.

आधी बिघाड कुठे आहे ते बघा

लगेच नियम बदलायला घेऊ नका. पुढच्या खेळात अर्धा तास दाराजवळ वही घेऊन उभे राहा आणि फक्त नोंदी करा. प्रिन्स आत आल्यावर किती जणांनी बोलणं थांबवलं? कुणी कुणाला पदाने हाक मारली? रात्रभरात स्टेटस ट्रेट प्रत्यक्षात किती वेळा वापरला गेला? वापरला म्हणजे कुणीतरी तोंडाने म्हणालं, की मी माझी ही पत पणाला लावतोय.

आमच्याकडे साडेचार तासांत हे दोनदा झालं. दोन्ही वेळा वापरणारी व्यक्ती एकच होती, आणि ती नियमांचं पुस्तक पाठ असलेली आमची जुनी हार्पी होती. बाकीच्यांच्या शीटवर 'आदरणीय', 'पूज्य', 'धास्तीचा' अशी विशेषणं ओळीने लिहिलेली होती आणि शीट घडी घालून खिशात होती. १९९० च्या दशकातल्या नियमांत स्टेटस असाच होता: एकेक विशेषण म्हणजे एकेक ट्रेट. सामाजिक झटापटीत तो तुम्ही जोडीला लावू शकता. कुणाला आधार म्हणून उसनाही देऊ शकता. वाचायला फार सुंदर, पण खिशातल्या विशेषणाला कोण घाबरणार?

बहुतेक मंडळी इथेच पहिली चूक करतात. मीही केली. 'स्टेटस दिसत नाही ना, मग दिसेल असा करू.' मी सगळ्यांना रिबिनी वाटल्या. एक ट्रेट, एक काळी रिबीन. प्रिन्सच्या कोटावर सहा. पहिली रात्र झकास गेली. नवीन मुलांना निदान कुणासमोर वाकायचं ते कळलं. तिसऱ्या खेळापर्यंत हॉल शाळेच्या स्काउट मेळाव्यासारखा दिसू लागला आणि निम्म्या रिबिनी कुणाच्या तरी गाडीत राहिल्या.

रिबिनींपेक्षा पुकारा कितीतरी चांगला चालला. कीपर दारात उभा राहतो आणि येणाऱ्याचं नाव, कूळ, त्याला व्हॅम्पायर कुणी घडवलं ते आणि त्याची विशेषणं मोठ्याने सांगतो. ज्याला एकच विशेषण आहे त्याचा पुकारा तीन सेकंदांत संपतो, एल्डरचा, म्हणजे जुन्या मातब्बर व्हॅम्पायरचा, वीस सेकंद चालतो, आणि तेवढा वेळ सगळ्यांना गप्प उभं राहावं लागतं. ही वीस सेकंदांची शांतता रिबिनींच्या गठ्ठ्याला भारी पडली. ज्याला खणखणीत आवाज आहे आणि लाज नाही, त्यालाच कीपर करा.

पण पुकाऱ्यानेही रोग गेला नाही. फक्त ताप उतरला.

पत्त्यांचा प्रयोग

हा नाट्यशिबिरांतला जुना खेळ आहे, माझा शोध नाही. खेळ सुरू होण्याआधी पंधरा मिनिटं काढा आणि पत्त्यांचा एक जोड आणा. प्रत्येकाने न बघता एक पत्ता घ्यायचा आणि तो कपाळावर धरायचा, म्हणजे स्वतःचा सोडून सगळ्यांचे पत्ते दिसतात. मग दहा मिनिटं मेजवानीत फिरतोय असं फिरायचं. समोरच्याच्या कपाळावर जे आहे त्या मानाने त्याच्याशी वागायचं. राजा असेल तर त्याला वाट द्यायची, दुर्री असेल तर पेला उचलायला सांगायचा. शेवटी प्रत्येकाने आपला पत्ता न बघता, आपण कुठे बसतो असं वाटतं त्या क्रमाने रांगेत उभं राहायचं.

राजा आणि दुर्री जवळजवळ कधीच चुकत नाहीत. एखाद मिनिटात त्यांना कळतं. सत्ती-अठ्ठी-नव्वीवाल्यांची मात्र तारांबळ उडते. त्यांना कुणाकडूनच स्पष्ट काही मिळत नाही.

आमच्या त्या चिप्सवाल्या ब्रूहाच्या वाट्याला बदामचा राजा आला. मी मुद्दाम दिला नव्हता, पण आला तेव्हा मनातल्या मनात नारळ फोडला. पहिली दोन मिनिटं तो नेहमीसारखा खांदे पाडून, हात खिशात घालून उभा होता. तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी त्याच्यासाठी खुर्ची सरकवली. कुणीतरी त्याच्या विनोदावर जरा जास्तच हसलं. पाचव्या मिनिटाला त्याची मान ताठ झाली, आवाज खाली आला आणि तो सावकाश बोलू लागला. त्याने स्वतः काहीच केलं नव्हतं. त्याच्या डोक्यावर राजा बाकीच्यांनी बसवला होता.

नंतर तो मला म्हणाला, "म्हणजे प्रिन्स वाईट खेळत नाहीये. आम्ही त्याला खेळवत नाही आहोत."

अगदी बरोबर. पण याचा पुढचा प्रश्न तो विचारायचा राहिला, तो मला घरी जाताना गाडीत पडला: त्यांनी का खेळवावं? पत्त्यांच्या खेळात सगळ्यांनी कबूल केलेलं असतं, दहा मिनिटांचीच बाब असते. खऱ्या खेळात ब्रूहाने प्रिन्सपुढे मान तुकवली तर त्याला काय मिळतं? आमच्याकडे उत्तर होतं, काहीच नाही. उलट मिजास दाखवली तर टाळ्या मिळत होत्या.

झुकणाऱ्याच्या पदरात काय पडतं?

नियमांची पुस्तकं वरच्या माणसाला काय मिळतं ते पानंच्या पानं सांगतात. खालच्याला काय मिळतं, ते तुम्हाला घडवावं लागतं. मी चार वेळा वरच्याचे अधिकार वाढवत बसले, म्हणून रोग परत परत आला. लग्नघरात विहिणीचा मान सगळे का ठेवतात, ते आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मान ठेवला की मुलगी सुखात राहील, ही त्यातली गोम असते. आमच्या दरबारात ती मुलगीच नव्हती.

मग मी स्टेटस नेऊन रक्ताला बांधला. या खेळात रक्त म्हणजे सगळं काही: शक्ती वापरायच्या तर रक्त, जखम भरायची तर रक्त, संध्याकाळी डोळे उघडायचे तरी रक्त. आणि शहरात कुठे शिकार करायची हे ठरवण्याचा हक्क परंपरेने शहराच्या मालकाचाच आहे. आमच्याकडे हे फक्त गोष्टीत होतं. प्रत्यक्षात नोंदणीच्या टेबलावर प्रत्येकाला पूर्ण रक्त मिळायचं, कारण मोजत बसायचा कंटाळा.

आता शहराचे नऊ भाग केले आहेत. स्टेशनजवळचे बार, विद्यापीठ, रुग्णालयाचा परिसर वगैरे. ज्याला भाग नेमून दिलाय तो भरल्या पोटी खेळ सुरू करतो. ज्याला भाग नाही त्याने टेबलावर माझ्याशी दगड-कागद-कात्रीच्या तीन फेऱ्या खेळायच्या, आणि हरलेल्या प्रत्येक फेरीला रक्त कमी. प्रिन्स भाग देतो प्रायमोजेनना. प्रायमोजेन आपल्या भागात किती जणांना शिकार करू देणार, हे त्यांच्या स्टेटसवर ठरतं. एका पाहुण्यामागे एक ट्रेट त्या महिन्यापुरता अडकून पडतो.

नियम एवढाच. पुढच्या खेळाला संध्याकाळी पावणेआठला, अजून कीपरने दारही उघडलं नव्हतं तेव्हा, ब्रूहा पार्किंगमध्ये आपल्या प्रायमोजेनबाईंच्या गाडीशी उभा होता. अंगात नवं जाकीट आणि तोंडात 'मॅडम'. मागच्या महिन्यात तो तिन्ही फेऱ्या हरून अर्धपोटी खेळला होता आणि रात्री दहाच्या झटापटीत त्याला एकही शक्ती वापरता आली नव्हती.

आणि खरी मजा पुढे झाली. प्रायमोजेनबाईंनी त्याच्यासाठी ट्रेट अडकवला होता. त्यामुळे तो दरबारात उद्धटपणे बोलला की बाईंची पत जाणार. आता त्याला गप्प करायला प्रिन्सची गरजच उरली नाही. बाई लांबून नुसत्या बघायच्या. त्याच महिन्यात शेरीफने त्याच्यावर मास्करेड, म्हणजे माणसांपासून आपलं अस्तित्व लपवायचा नियम, मोडल्याचा आरोप केला, तेव्हा बाई उठून म्हणाल्या, "त्या रात्री तो माझ्याबरोबर होता." एल्डरच्या शब्दासमोर शेरीफला पुरावा आणावा लागला, आणि तो त्याच्याकडे नव्हता. ब्रूहाला त्या रात्री पहिल्यांदा कळलं की दुसऱ्याचा मान आपलंही छप्पर असू शकतो.

तुमच्या गावात रक्ताचा हिशेब नको असेल तर दुसरं काहीही घ्या. नवा व्हॅम्पायर घडवायची परवानगी, प्रिन्सशी एकांतात दहा मिनिटं, जुन्या ग्रंथालयाची किल्ली. अट एकच: ती गोष्ट खालच्याला मनापासून हवी असली पाहिजे आणि वरच्याच्या हातूनच मिळाली पाहिजे. स्टोरीटेलरला ईमेल करून तीच गोष्ट मिळत असेल तर सगळं मुसळ केरात. ही चूक आमच्याकडे मीच करत होते. नव्या खेळाडूने गोडीत विचारलं की मी परस्पर हो म्हणायचे.

सगळेच पूज्य झाले तर

याच्या उलटा आजार म्हणजे महागाई. आमच्या टोरेडोर कुळातल्या एका हार्पीचं मन फार मोठं होतं. चांगला पोशाख केला, दे ट्रेट. छान भाषण केलं, दे ट्रेट. रडवलं, दे दोन. पाच महिन्यांत बावीसपैकी सोळा जणांकडे चार किंवा जास्त ट्रेट जमले. दारात पुकारा संपेना. प्रिन्सच्या सहा ट्रेटचं कुणाला काही वाटेना.

यावर २०१३ साली बाय नाईट स्टुडिओजने काढलेल्या नव्या नियमांत चांगला तोडगा आहे. तुम्ही जुनेच नियम वापरत असाल तरी तो उचलायला हरकत नाही. त्यांनी स्टेटसचे तीन प्रकार केले. एक पदाबरोबर किंवा सदस्यत्वाबरोबर येणारा अंगभूत. पद आहे तोवर तो काढून घेता येत नाही. दुसरा टिकाऊ, कमावलेला. तिसरा क्षणिक: खर्च केला की गेला, आणि नाही केला तरी मुदत संपली की आपोआप गळतो. शिवाय प्रत्येक शब्दाला स्वतःचा ठरलेला अधिकार जोडला, त्यामुळे 'धास्तीचा' म्हणजे नेमकं काय यावर वाद घालत बसावं लागत नाही. उलट्या बाजूचे शब्दही आहेत, म्हणजे ताकीद मिळालेला, बदनाम. हे मला फार उपयोगी वाटतं, कारण आमच्याकडे शिक्षा म्हणजे थेट मृत्युदंड नाहीतर काहीच नाही, अशी दोनच टोकं होती.

पोशाखाला, भाषणाला फक्त क्षणिक द्या. टिकाऊ ट्रेट देणाऱ्याला स्वतःचं काहीतरी गमवावं लागेल असं करा. हे केल्यावर आमच्या मोठ्या मनाच्या हार्पीचं मन दोन खेळांत बेताचं झालं.

जमलेल्या जुन्या ट्रेटचं काय करायचं? एका फटक्यात काढून घेऊ नका, लोक खेळ सोडून जातात. मी तीन महिन्यांची मुदत दिली: जो ट्रेट कुणासाठी तरी, उघडपणे, कारण सांगून वापरला जाईल तो राहील, बाकीचे गळतील. वापरायची घाई सुरू झाली आणि त्या तीन महिन्यांत आमच्या इतिहासातलं सगळ्यात गलिच्छ आणि सगळ्यात रंगतदार राजकारण झालं.

२००४ साली आलेल्या 'व्हॅम्पायर: द रेक्विएम' या भावकीतल्या खेळातली एक कल्पनाही घेण्यासारखी आहे. तिथे शहरातला मान, कुळातला मान आणि पंथातला मान वेगवेगळे मोजतात. आम्ही नियम नाही घेतला, फक्त दृष्टी घेतली. नोस्फेराटू कुळाच्या गटारातल्या बैठकीत प्रिन्सच्या मानाची किंमत शून्य असू शकते, आणि तिथे त्याला ताटकळत ठेवलं तर तो बिघाड समजू नका. तसंच साबाट किंवा अनार्क या कॅमरिलाला न मानणाऱ्या गटांमधल्या नावाला कॅमरिलाच्या दरबारात कुणी विचारत नाही. तक्रार आली की आधी विचारा: हा मान कुणाच्या घरातला?

हार्पीची वही

स्टेटसबरोबर उपकारांचा हिशेबही चालतो. उपकाराला इथे बून म्हणतात, आणि त्याच्या चढत्या पायऱ्या आहेत: क्षुल्लक, लहान, मोठा, रक्ताचा आणि जिवाचा. कुणाची ओळख करून दिली तर क्षुल्लक, कुणाला खऱ्या मरणातून वाचवलं तर जिवाचा. हे देणं बुडवणाऱ्याची पत हार्पी कमी करते. दोन्ही यंत्रणा एकमेकींना अशा बांधलेल्या आहेत. एक ढिली झाली की दुसरीही होते.

बऱ्याच ठिकाणी हा हिशेब हार्पीच्या डोक्यात असतो. हार्पी एक महिना आजारी पडली की शहराची अर्थव्यवस्था बुडते. मी हार्पी झाले तेव्हा मला वारशात एक फाटकं पाकीट आणि चौदा चिठ्ठ्या मिळाल्या. त्यांतल्या तीन कुणी कुणाला दिल्यात हेच कळत नव्हतं.

उपाय आपल्याकडे प्रत्येक घरात आहे: लग्नातली आहेराची वही. कोपऱ्यात टेबलाशी बसलेला तो काका आठवा. नाव, गाव, किती, पाकीट की वस्तू. आणि पाच वर्षांनी त्यांच्या मुलीच्या लग्नाला जाताना तीच वही काढून बघतात, 'त्यांनी आपल्याला काय केलं होतं?' मी तशीच लाल कापडी बांधणीची वही केली. देणारा, घेणारा, पायरी, कशाबद्दल, साक्षीदार, आणि फिटला त्याची तारीख. नोंद एकट्याने सांगून चालणार नाही, दोघांनी समोर उभं राहून सांगायची. माझ्या अमेरिकन गड्यांना ही कल्पना इतकी आवडली की ते वहीला 'आहेर' म्हणू लागले. त्यांचा उच्चार ऐकवत नाही, पण चालतं.

दोन काळज्या घ्या. एकीच्या हातात वही ठेवू नका. एकमेकांशी न पटणाऱ्या दोन कुळांतल्या दोन हार्पी नेमा, म्हणजे खाडाखोड होत नाही. आणि खेळाबाहेर, फोनवर, 'जाऊ दे रे, सोड तो बून' असं माफ करायला सक्त बंदी घाला. माफ करायचं असेल तर दरबारात, सगळ्यांसमोर. तिथे ती माफीही एक डाव असते.

ज्याबद्दल बोलायला सगळे कचरतात

आतापर्यंतचं सगळं नियमांचं झालं. पण निम्म्या वेळा बिघाड नियमांत नसतोच. प्रिन्स आणि सेनेशल एका गाडीतून येतात, हार्पी प्रिन्सची बायको असते, आणि खेळ संपल्यावर मध्यरात्री सगळे जिथे पॅनकेक खायला बसतात त्या टेबलावर पुढच्या महिन्याची पदं वाटली जातात. नव्या मुलाला घरी जायला बस पकडायची असते, तो त्या टेबलावर नसतो. मग तो प्रिन्सचा मान का ठेवेल? तो जे बघतोय ते त्याला मित्रमंडळ वाटतं, आणि त्याचं चूक नाही.

माझा नियम साधा आहे. स्टेटस दिला किंवा काढला, तर तो खेळाच्या वेळेत, मोठ्याने, कारणासकट. रात्री पॅनकेकच्या टेबलावर ठरलेलं काहीही वहीत चढत नाही. आणि खेळ चालवणाऱ्याने स्वतः प्रिन्स व्हायचं नाही. मी एक वर्ष दोन्ही केलं. त्या वर्षी माझ्याशी कुणी भांडलं नाही, आणि मला वाटलं मी फार छान चालवतेय.

दुसरी गोष्ट नाजूक आहे. खालच्या स्टेटसच्या पात्राला दरबारात टाकून बोलणं हा खेळाचा भाग आहे, पण त्या पात्रामागचं माणूस दिवसभर ऑफिसात तेच सोसून आलेलं असू शकतं. आमच्याकडे एक मुलगी तीन खेळ मूग गिळून बसली आणि चौथ्याला आलीच नाही. आम्हाला वाटत होतं ती 'काय सुंदर घाबरते!' आता मोठा अपमान करण्याआधी बाजूला घेऊन विचारायचं: हे चालेल का, कुठपर्यंत चालेल, आणि यातून तुला पुढे काय खेळायला आवडेल? हे विचारल्यावर अपमान बोथट होतो असं काहींचं म्हणणं आहे. माझा अनुभव उलटा आहे. परवानगी असली की समोरचाही जीव ओतून अपमानित होतो.

आणि कृपा करून वरून आर्कॉन आणू नका. प्रिन्सला कुणी मानत नाही म्हणून स्टोरीटेलर वरिष्ठांचा एक भयंकर दूत आणतो, तो दोघांना जाळतो, एक रात्र सगळे थरथरतात. आर्कॉन गेला की दुसऱ्या महिन्यात प्रिन्सची पत आधीपेक्षा कमी झालेली असते, कारण आता सगळ्या गावाला कळलेलं असतं की त्याला स्वतःला काही जमत नाही.

बाहेरगावचा पाहुणा

हे टोक अजून माझ्याकडून पूर्ण सुटलेलं नाही, तरी सध्याची पद्धत सांगते. वन वर्ल्ड बाय नाईट किंवा माइंड्स आय सोसायटी यांसारख्या जाळ्यांत एकच पात्र अनेक शहरांतल्या खेळांत फिरतं. म्हणजे एखाद्या शनिवारी नऊ ट्रेटचा पाहुणा दारात उभा राहतो आणि आपला सहाचा प्रिन्स त्याच्यापुढे बटू दिसतो. त्याच्या गावची महागाई तो आपल्या दारात घेऊन आलेला असतो.

त्याच्या शीटशी वाद घालू नका, ती त्याच्या स्टोरीटेलरने दिलेली आहे. कॅमरिलाची पाचवी परंपरा वापरा, पाहुणचाराची. परक्या शहरात आलेल्याने तिथल्या मालकासमोर हजर व्हायचं, आणि मालकाने स्वीकारेपर्यंत तो तिथे कुणीच नाही, असा तिचा आशय आहे. म्हणून दारात त्याचा पुकारा होत नाही. कीपर फक्त नाव विचारतो आणि बाजूच्या खुर्चीवर बसायला सांगतो. त्याचा एकही ट्रेट तोवर वापरता येत नाही. प्रिन्स त्याला किती वेळ बसवून ठेवतो, आणि कोण उठून 'मी याच्यासाठी शब्द देतो' म्हणतं, ते बघायला मग अख्खा हॉल गप्प होतो.

मागच्या महिन्यात असा एक पाहुणा सव्वा तास बसला. शेवटी त्याच्यासाठी उठला तो आमचा ब्रूहा. एकच ट्रेट होता, तोच लावला. वहीत मी नोंद केली: मोठा बून, साक्षीदार प्रायमोजेनबाई.